सहा मिनिटांचा हिशेब द्या, बाकी देश बघून घेईल

अभिनंदन! अमेरिकी नागरिकत्वाची शपथ झाली, छोटा झेंडा हातात धरून फोटो झाला, भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या कार्डाचा, अर्जही टाकून झाला. एच-वन-बी व्हिसावर असताना ‘फक्त अमेरिकी नागरिकांसाठी’ एवढं वाचून ज्या जाहिराती तुम्ही सोडून देत होता, त्या आता तुमच्यासाठीच आहेत. त्यातून टेक कंपनीने एका ईमेलवर नारळ दिल्यामुळे तुम्हाला जरा टिकाऊ काहीतरी हवंय. मग युद्धाइतकं टिकाऊ दुसरं काय आहे? लॉकहीड मार्टिन, आरटीएक्स, नॉर्थ्रप ग्रमन, जनरल डायनॅमिक्स, बोइंगची संरक्षण शाखा, या शस्त्रकंपन्यांत कुठेही चिकटा. फक्त त्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या.

पहिली परीक्षा तुमच्या नातेवाइकांची होते. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुप्त काम करायच्या सरकारी परवानगीसाठी, ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’ नावाचं शंभराहून अधिक पानांचं प्रकरण भरावं लागतं. दहा वर्षांत कुठे राहिलात, तिथे तुम्हाला कोण ओळखत होतं, हे त्यातलं सोपं. गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी माणसांशी तुमचा जवळचा किंवा सततचा संबंध आहे, मग तो प्रेमाचा असो, प्रभावाचा, समान हितसंबंधांचा की बांधिलकीचा, त्यांचीही माहिती द्यायची. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात धाडणारे काका या चारांपैकी कशात बसतात, हे तपासनिसाला समजावून सांगायची तयारी ठेवा. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असतील तर ते परकीय सरकारशी संबंधित. सख्खा भाऊ खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत असेल तर तो परकीय शस्त्रउद्योगातला माणूस. हे त्याला कळवलंत तर आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडेल.

मग जमीन. परदेशात तुमच्या नावावर जमीन आहे का, पूर्वी होती का, पुढे येणार आहे का, असं फॉर्म विचारतो. प्रश्न लिहिणाऱ्याने जन्मात सातबारा पाहिलेला नसावा. आजोबांमागे लागलेल्या वारसांत तुमचं नाव आहे, दोन आत्यांनी हक्कसोडपत्र दिलेलं नाही, चुलत्याने बांध सरकवलाय आणि वाटपाचा दावा तारखांवर चाललाय, हे सगळं डॉलरमधल्या अंदाजे किमतीच्या चौकटीत मावलं पाहिजे. मात्र लपवू नका. जमीन असलेली चालते, दडवलेली चालत नाही. साडेतीन गुंठ्यांपायी आयुष्याची वाट लावून घेण्याचा मान भावकीत आधीच इतरांनी पटकावलेला आहे.

क्लिअरन्स यायला महिनोन्महिने लागतात. तोवर पगार चालू, काम बंद. प्रशिक्षणाचे व्हिडिओ बघा. लाच घेऊ नये, अनोळखी लिंकवर क्लिक करू नये, शिडीवर नीट चढावं. लष्करी बळाचा पाया असा घातला जातो.

एकदाचे आत गेलात की खिडकी नसलेली खोली मिळेल. तिला ‘स्किफ’ म्हणतात. फोन, घड्याळ, कानातली यंत्रं, सगळं बाहेरच्या कुलपाच्या खणात. शाळेतून मुलाला ताप आल्याचा फोन येतो, तोही त्या खणातच वाजतो. म्हणून घरी ऑफिसचा लँडलाइन नंबर देऊन ठेवा. या कैदेची भरपाई म्हणजे ‘नाइन-एटी’. ऐंशी तास नऊ दिवसांत बसवायचे आणि एक आड एक शुक्रवार सुट्टी. बरेच लोक एवढ्यावर वीस-वीस वर्षं काढतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. काय काम करता, असं गणपतीच्या हॉलमध्ये कुणी विचारलंच तर ‘गव्हर्नमेंटचं’ म्हणा. व्हर्जिनियातला, म्हणजे पेंटागॉनच्या (संरक्षण खात्याच्या) दारातला हॉल असेल तर विचारणाराही लगेच मोदकाकडे वळेल.

आता सगळ्यात पवित्र गोष्ट. टाइमकार्ड.

टाइमकार्ड रोजच्या रोज भरायचं असतं, बऱ्याच ठिकाणी तासाच्या दहाव्या भागापर्यंत. म्हणजे दर सहा मिनिटांना एक मालक. प्रत्येक कामाला चार्ज नंबर असतो, म्हणजे तास कुठल्या कंत्राटाच्या खात्यावर टाकायचे तो आकडा, आणि एका कंत्राटाची मिनिटं दुसऱ्यावर टाकणं हा हलगर्जीपणा नसून सरकारची फसवणूक ठरू शकते. ज्या कायद्याखाली ती ठरते तो लिंकनच्या काळातला, १८६३चा. यादवी युद्धात सैन्याला भुसा मिसळलेली बंदुकीची दारू आणि मरतुकडी खेचरं विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी तो केला. आता तो तुमच्या चहाच्या सुट्टीवर लक्ष ठेवतो. सरकारी लेखापरीक्षक न सांगता मजल्यावर येऊन, तुम्ही खरंच बसला आहात का आणि कुठल्या नंबरवर बसला आहात, हे विचारू शकतात. कंत्राटाचं काम संपलं आणि नवा नंबर मिळाला नाही तर तुम्ही ‘ओव्हरहेड’, म्हणजे कुठल्याच कंत्राटावर न लागणारा खर्च. या धंद्यात माणसाची पत त्याच्या नंबरवरून ठरते. बिननंबरी माणसाशी कुणी फार वेळ बोलतही नाही, कारण ते बोलणं टाकायचं कुठल्या नंबरवर?

सहा-सहा मिनिटं मोजणाऱ्या धंद्यात मोठे आकडे किती चोख असतील, असं तुमच्या मनात आलं असेल. पहिल्या वर्षी सगळ्यांच्याच येतं.

मोठ्या विकासकामांची अनेक कंत्राटं ‘कॉस्ट प्लस’ असतात. झालेला रास्त खर्च सरकार देणार, वर शुल्क. खर्चाच्या टक्केवारीने नफा घ्यायला कायद्याने बंदी आहे, नाहीतर जेवढी उधळपट्टी तेवढी कमाई झाली असती. म्हणून ठरीव शुल्काच्या कंत्राटात नफा अंदाजित खर्चावरून आधीच ठरतो. साधारण १० टक्क्यांची कमाल मर्यादा, संशोधनाला १५. अंदाज चुकला, खर्च फुगला, तरी नफा वाढत नाही हो! बुडत नाही, एवढंच. आणि मध्येच सरकारने काम वाढवून मागितलं तर वाढीव कामाचा नवा अंदाज, त्यावर नवं शुल्क. सरकार मागतंच. चांगल्या कामगिरीसाठी बक्षीस-शुल्काचीही सोय आहे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २००५ साली हिशेब मांडला तेव्हा निकाल काहीही लागो, सुमारे ८०० कोटी डॉलर बक्षिसापोटी वाटलेले निघाले. उलट बोइंगने २०११ साली हवेत इंधन भरणारं विमान ठरलेल्या किमतीत बनवून द्यायचं कबूल केलं आणि आजवर ७०० कोटी डॉलरहून जास्त तोटा सोसला. उद्योगाने यातून घेतलेला धडा असा की, ठरलेल्या किमतीत काम करायचं कबूल करू नये.

खर्च फारच हाताबाहेर गेला तर काय, याचीही तरतूद आहे. १९८२च्या नन-मॅकर्डी कायद्यानुसार खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की प्रकल्प रद्द झाला असंच धरायचं. मात्र तो देशासाठी अत्यावश्यक आहे आणि दुसरा स्वस्त पर्याय नाही, असं संरक्षणमंत्र्यांनी लिहून दिलं तर चालू. नॉर्थ्रप ग्रमनकडच्या ‘सेंटिनेल’ क्षेपणास्त्राचा खर्च ८१ टक्क्यांनी वाढून जवळपास १४,१०० कोटी डॉलरवर गेला. जुलै २०२४मध्ये पेंटागॉनने लिहून दिलं, अत्यावश्यक आहे. तुमच्या टाइमकार्डावर ०.१ची गफलत निघाली तर तुम्हीही सांगून बघा की ती सहा मिनिटं देशासाठी अत्यावश्यक होती.

कामाचं म्हणाल तर तुम्ही मुख्यतः स्लाइड्स बनवाल. स्लाइडवर प्रकल्पाची तब्येत तीन रंगांत दाखवतात. हिरवा, पिवळा, लाल. तुम्हाला दिसणारा लाल तुमच्या साहेबापर्यंत पिवळा होतो आणि त्यांच्या साहेबापर्यंत हिरवा. अशा प्रकल्पाला धंद्यातच ‘कलिंगड’ म्हणतात. सुरुवातीला एखाद्या बैठकीत तुमच्या तोंडून निघून जाईल की चाचणीत ही गोष्ट चाललेली नाही. कुणी रागावणार नाही. ‘ते ऑफलाइन घेऊ’ म्हणतील. पुढच्या बैठकीचं निमंत्रण मात्र येणार नाही, आणि ते दोन तास टाकायला तुमच्याकडे नंबरही नसेल.

कलिंगड किती मोठं होऊ शकतं ते बघायचं तर टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला जा. एफ-३५ या लढाऊ विमानाचं कंत्राट लॉकहीडला २००१मध्ये मिळालं. सरसकट उत्पादनाला औपचारिक मंजुरी मिळाली मार्च २०२४मध्ये, तोवर हजाराच्या आसपास विमानं बनून उडतही होती. मधल्या काळात, जुलै २०२३पासून वर्षभर, नवं सॉफ्टवेअर तयार नाही म्हणून सरकारने त्या नव्या रचनेची विमानं ताब्यात घेणंच थांबवलं. कारखाना थांबला नाही. विमानं बनत राहिली आणि उभी राहिली. पुढे ती अर्धवट सॉफ्टवेअरसकट, आधी प्रशिक्षणापुरती, स्वीकारली गेली. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या ताफ्यातली जेमतेम ५५ टक्के एफ-३५ विमानं कुठल्या ना कुठल्या कामगिरीसाठी सज्ज होती. जन्मभराचा खर्च जीएओच्या हिशेबाने २ लाख कोटी डॉलरच्या वर जातो. बंद का करत नाहीत, असं विचारू नका. सुटे भाग बहुतेक सगळ्या राज्यांत बनतात, आणि आपल्या मतदारसंघातला कारखाना बंद करणारं विधेयक कुठला खासदार मांडेल? या विमानातला रडारला न दिसण्याचा गुण वाखाणला जातो, पण त्याची खरी संरक्षक तटबंदी ही आहे.

त्या कारखान्याची आणखी एक गंमत. १९४२मध्ये तो उभा राहिला तेव्हा तिथे कॉन्सॉलिडेटेडची बी-२४ बॉम्बफेकी विमानं बनत. मग कॉन्व्हेअर, मग जनरल डायनॅमिक्स आणि एफ-१६, १९९३पासून लॉकहीड, नंतर लॉकहीड मार्टिन. इमारत तीच, गळ्यातला पट्टा बदलतो. १९९३मध्येच संरक्षण उपमंत्री विल्यम पेरी यांनी बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना एका जेवणात सांगितलं, एवढ्यांना पुरेल इतकं काम आता नाही. धंद्यात त्या पंगतीला ‘शेवटचं भोजन’ म्हणतात. ५१ मोठे कंत्राटदार होते, त्यांचे पुढे पाच झाले. तेव्हा कंपनीवर जीव लावू नका. वॉशिंग्टनच्या आसपास सेवा-कंत्राटांत तर एक कंपनी कंत्राट हरते, दुसरी जिंकते आणि सोमवारी तुम्ही त्याच खुर्चीत नव्या कंपनीचे जुने कर्मचारी असता. समोरच्या गणवेशातल्या साहेबांशी नीट वागा. निवृत्तीनंतर ते तुमच्याच मजल्यावर येण्याचा संभव आहे. १४ सगळ्यात मोठ्या कंत्राटदारांकडे २०१९मध्ये पेंटागॉनचे १,७००हून अधिक माजी वरिष्ठ आणि खरेदी अधिकारी होते. खुद्द पेंटागॉन २०१८पासून २०२४पर्यंत दरवर्षी लेखापरीक्षणात नापास झालं, पण त्यांना कुणी चार्ज नंबर विचारत नाही.

उगाच सगळंच ढिसाळ आहे असं समजू नका. काही बाबतींत हा उद्योग कमालीचा काटेकोर आहे. प्रत्येक सुटा भाग कुणी बनवला ते शोधता यावं म्हणून त्यावर बनवणाऱ्याचा पाच अक्षरी संकेतांक असतो. गुणवत्तेच्या भाषेत याला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात, आणि ती किती पक्की आहे याची खात्री ९ ऑगस्ट २०१८ रोजी येमेनमधल्या दाहयान गावात झाली. सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर सौदी आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला. ४० मुलं गेली. तुकड्यांवरचे आकडे शाबूत होते. ते वाचून शस्त्रतज्ज्ञांनी सांगितलं की हा लॉकहीड मार्टिनचा मार्गदर्शित बॉम्ब.

असं काही झालं तर गोंधळून जाऊ नका. अशी विक्री एका सरकारने दुसऱ्या सरकारला केलेली असते, तुमचा संबंध स्लाइडपुरता. मन फारच लागलं तर जरा बाहेर चक्कर मारून या, पण ती कंत्राटावर टाकू नका. वैयक्तिक वेळेचा नंबर वेगळा आहे. आणि तशी वेळ येणारही नाही बहुतेक. बातमी दुपारी येते, फोन खणात असतो, आणि संध्याकाळी तो हातात येतो तेव्हा टाइमकार्डावर सही झालेली असते.