म्हणे, प्रोफाइल डिलीट केली, आता चेक करा!

क्लाउडवरच्या डेस्कटॉपवर (मायक्रोसॉफ्टचं अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप) फाइली दिसेनात म्हणून तक्रार केली, तर व्हेंडरचं उत्तर: "युझर प्रोफाइल डिलीटेड अँड रीक्रिएटेड. इश्यू रिझॉल्व्ह्ड." झालं, तिकीट बंद. अकाउंट्समधल्या मॅडमच्या आउटलुकच्या सिग्नेचर, क्रोमचे बुकमार्क, डेस्कटॉपवर ठेवलेल्या सगळ्या एक्सेल साफ, आणि वर रिझॉल्व्ह्ड! जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर असताना!

अरे, आपण काय उडवतोय ते तरी बघा ना आधी. पूल्ड होस्ट पूलवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मशीनच्या (होस्टच्या) गटावर, प्रोफाइल सांभाळणारं एफएसलॉजिक्स लावलेलं आहे. माणसाची अख्खी प्रोफाइल (त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज) अझूर फाइल्सच्या शेअरवर, म्हणजे क्लाउडमधल्या सामायिक फोल्डरमध्ये, एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये (आभासी डिस्कमध्ये) असते. साध्या पीसीवर प्रोफाइल डिलीट करताना निदान डी ड्राइव्ह तरी वाचतो. इथे त्या माणसाचं जे काही आहे ते त्या एकाच फाइलमध्ये.

आणि लॉग उघडून बघायला किती वेळ लागतो? सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमडेटा, एफएसलॉजिक्स, लॉग्ज, प्रोफाइल. त्या दिवसाची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. समोर धडधडीत ०x००००००२० दिसतंय. याचा अर्थ फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे, बस्स. फाइल करप्ट नाही, हरवलेली नाही, परमिशनचाही घोळ नाही.

धरली कुणी? त्याच मॅडमनी. टॅली रिमोटअ‍ॅप म्हणून (डेस्कटॉपशिवाय नुसता प्रोग्रॅम) एका पूलमध्ये, फुल डेस्कटॉप दुसऱ्या पूलमध्ये, आणि दोन्ही पूलना प्रोफाइलचा पाथ एकच! हे कुठल्या शहाण्याने केलं? शुक्रवारी टॅलीची खिडकी वरच्या फुलीवर क्लिक करून बंद झाली, मागे सेशन डिसकनेक्टेड अवस्थेत तसंच जिवंत. सोमवारी डेस्कटॉप उघडला तर दुसऱ्या होस्टला तीच व्हीएचडीएक्स मिळेना. एफएसलॉजिक्स डिफॉल्टने १२ वेळा प्रयत्न करतं, दर ५ सेकंदांनी. मिनिटभर धडपड करून ते हात टेकतं आणि माणसाला टेम्पररी प्रोफाइलमध्ये सोडून देतं. मग कोरा डेस्कटॉप, आणि "माझ्या फाइली गेल्या हो" म्हणून फोन.

उपाय काय होता? पोर्टलमध्ये पहिल्या पूलवर जा, युझर सेशन शोधा, साइन आउट करा. नंतर मॅडमना डेस्कटॉपमधूनही साइन आउट करून परत लॉगिन करायला सांगा. दोन मिनिटांचं काम.

त्याऐवजी व्हेंडरच्या पोराने काय करावं? फाइल डिलीट होईना, कारण ती वापरात होती. म्हणून त्याने आधी होस्ट रीस्टार्ट केला. लॉक तिथेच सुटला की रे बाबा! तिथे थांबला असतास तर प्रॉब्लेम संपला होता. पण नाही. लॉक सुटल्यावर, आता फाइल डिलीट होतेय म्हणून, डिलीट केली. हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

वर विचारतात, "सॉफ्ट डिलीट ऑन आहे ना?" अहो, अझूर फाइल्सचं सॉफ्ट डिलीट (उडवलेलं काही दिवस परत आणायची सोय) अख्खी शेअर उडाली तर कामाचं. शेअरच्या आतली एक फाइल उडवली तर त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे शेअरच्या त्या-त्या वेळच्या प्रती, लागतात. एका शेअरचे २०० पर्यंत ठेवता येतात, बॅकअप पॉलिसी लावली की रोज आपोआप निघतात. ती पॉलिसी सेटअपच्या दिवशीच लावायची असते. लावलेली नव्हती.

टेम्प प्रोफाइलचा तर मला भयंकर राग आहे. प्रिव्हेंटलॉगिनविथटेम्पप्रोफाइल आणि प्रिव्हेंटलॉगिनविथफेल्युअर, रजिस्ट्रीतल्या या दोन व्हॅल्यू १ केल्या की माणूस दारातच अडतो, समोर मेसेज येतो, तो फोन करतो. "कॉल्स वाढतात" म्हणून या लावत नाहीत! कॉल्स वाढू देत ना. माणूस तीन तास टेम्प प्रोफाइलमध्ये बसून काम करतो, डेस्कटॉपवर सेव्ह करतो आणि साइन आउट केलं की सगळं गायब, ते चालतं का?

आणि मूळ दुखणं त्या फुलीत आहे. फुली दाबणं म्हणजे साइन आउट नाही, हे युझरला कळत नसेल तर त्याचा दोष नाही. ते अ‍ॅडमिनने धरूनच चालायचं. ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली सेशन टाइम लिमिट्स आहे, त्यात डिसकनेक्टेड सेशनची मर्यादा लावायची. लावली नाही तर मर्यादाच नाही, सेशन दिवसचे दिवस पडून राहतं. होस्टच्या सेशन लिमिटमध्ये ते मोजलं जातं, म्हणजे होस्टवर काम करणारी चार माणसं आणि होस्ट फुल. आवृत्ती २२१० पासून व्हीएचडीएक्स आक्रसून छोटी करायची सोय आली, पण ते काम होतं साइन आउटच्या वेळी. साइन आउटच होत नसेल तर कॅशे साफ करूनही शेअरवरची फाइल फुगलेलीच. आतून ३०,००० एमबीची डिफॉल्ट मर्यादा भरली की पुन्हा तिकीट, आणि पुन्हा तोच सल्ला: प्रोफाइल डिलीट करून बघा. साइज-इन-एमबीज ही मर्यादेची सेटिंग वाढवा, पुढच्या लॉगिनला डिस्क वाढते! डिलीट कशाला?

याच मंडळींनी आधी होस्ट ईस्ट यूएसमध्ये उभे केले होते. वापरणारे पुण्यात आणि नाशकात, अझूरचं सेंट्रल इंडिया रीजन (डेटासेंटर) पुण्यातच, आणि माउस हलवला की सिग्नल अमेरिकेला जाऊन परत. आरडाओरडा झाल्यावर होस्ट इकडे आणले, पण प्रोफाइलची शेअर तिकडेच राहिली! लॉगिनला मिनिटंच्या मिनिटं लागायला लागली तेव्हा म्हणाले, तुमचं इंटरनेट तपासा. होस्ट आणि शेअर एकाच रीजनमध्ये हवेत, ही पहिल्या दिवशीची गोष्ट आहे.

गरजेप्रमाणे मशीन आपोआप चालू-बंद करणारा स्केलिंग प्लॅन लावला, तर त्याचा पॉवर ऑन ऑफ कॉन्ट्रिब्युटर रोल रिसोर्स ग्रुपवर दिला. तो सबस्क्रिप्शनवरच, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीवर, द्यावा लागतो. रात्रभर मशीन चालू, बिल चालू. मग कुणीतरी रोज आत लॉगिन करून विंडोजमधूनच शटडाउन करायचं. पोर्टलवर स्टेटस स्टॉप्ड, आणि कॉम्प्युटचे पैसे चालूच, कारण डीअ‍ॅलोकेट झालेलंच नाही, म्हणजे मशीन अझूरला परत सोडलेलंच नाही. घड्याळाचं तर बोलूच नका. टाइम झोन रीडायरेक्शनची एक पॉलिसी ऑन करायची आहे फक्त, तरी लोक सेशनमध्ये साडेपाच तास मागची वेळ बघत मीटिंगा लावतायत.

आता मॅडम बँकेचे स्टेटमेंट पुन्हा डाउनलोड करून सगळ्या एक्सेल नव्याने बनवतायत. व्हेंडरकडून तिकिटावर फीडबॅकचा मेल आलाय, पाचपैकी किती स्टार देणार म्हणून. स्टार राहू देत. त्या शेअरवरचे डिलीटचे अधिकार एल-वनकडून (पहिल्या फळीच्या सपोर्टकडून) आजच्या आज काढून घ्या, आणि दोन पूलना दोन वेगळ्या शेअर द्या.