पंखा ढग पळवत नाही

‘डोंगरावर पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला. पाती ढगांना पुढे ढकलतात, म्हणून त्या हटवा.’ पावसाने ओढ दिली की माणदेशात हा संदेश मोबाईलवर फिरू लागतो. त्याआधी तो पारावर आणि एसटीत ऐकला होता. पवनचक्क्यांना विरोध करायला माझी हरकत नाही, मी स्वतः केला आहे. पण हे कारण खोटं आहे आणि त्यात नुकसान आपलंच होतं.

‘पाती ढगांना ढकलतात.’ आपण पवनचक्कीला पंखा म्हणतो, घोळ तिथेच सुरू होतो. घरातला पंखा वीज खातो आणि वारा घालतो. डोंगरावरच्या पंख्याला वाराच फिरवतो, त्यातून वीज निघते. तो वाऱ्याचा जोर काढून घेतो, वाऱ्यात भर घालत नाही. त्याच्या मागे वारा थोडा मंदावतो आणि काही अंतरावर पुन्हा सावरतो. वारा मंदावला तर ढग पळतील कसे?

‘पण ढग पात्यांना लागलेले डोळ्यांनी दिसतात.’ दिसतात, खरं आहे. आषाढात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर धुक्यात अख्खा खांब हरवतो. पण ती ढगाची तळाची कड असते. तिथल्या जुन्या पवनचक्क्या पात्याच्या टोकापर्यंत शंभर मीटरच्या आसपास, आणि पाऊस देणारा ढग काही किलोमीटर जाडीचा. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला थडकून वर चढते, थंड होते आणि तिथे ढग सतत नव्याने तयार होत राहतात. घाटमाथा ओलांडून तीच हवा खाली उतरली की तापते, कोरडी पडते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर आपल्या माणदेशातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. आपला पाऊस डोंगराने अडवला आहे, पवनचक्क्या यायच्या कितीतरी आधीपासून.

‘पूर्वी असे दुष्काळ नव्हते.’ हे माणदेशी माणसाने तरी म्हणू नये. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आठवणी इथे सहाशे वर्षं सांगितल्या जातात. १९७२ साली दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या बाया अजून आपल्या घरांत आहेत. तेव्हा डोंगरावर किती पंखे होते, त्यांनाच विचारा. उलट, वनकुसवडे पठारावर शेकडो पवनचक्क्या फिरत असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पठाराखालच्या कोयना धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि सांगली पाण्यात गेली.

मग परिणाम काहीच नाही का? आहे, आणि त्याची तपासणी आपल्याच चाळकेवाडीला झाली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. खाणारे कमी झाले म्हणून गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे वाढले. पठाराची घडी बदलते, हे सिद्ध झालेलं आहे. पण संदेशात सरड्याचं नाव नाही, घारी-ससाण्यांचं नाही.

आमच्याकडच्या एका सभेत एक म्हातारबा सातबारा घेऊन उभे राहिले. सामाईक गटातली जमीन एका भावाच्या सहीवर दलालाने कशी लिहून घेतली, हे ते सांगत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी ढगांचा विषय काढला. कंपनीच्या माणसाने पुढची वीस मिनिटं हवामानशास्त्र समजावलं, अगदी बरोबर समजावलं. सभा संपली. म्हातारबांचा कागद हातातच राहिला, गायरानातून फोडलेल्या रस्त्याचं आणि ग्रामपंचायतीच्या थकलेल्या कराचं तर कुणी विचारलंच नाही.

पुढच्या सभेत पहिल्यांदा तो सातबारा वाचला जावा, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे.