फुकट पास काढावा कसा आणि वाया घालवावा कसा

व्हँकुव्हरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या समस्त मराठी मंडळींच्या सेवेसाठी हा लेख. सरीत असा, बर्नबीत असा, कोक्विटलम किंवा अ‍ॅबट्सफर्डला असा, जुलै उजाडला की भारतातून आईवडील येतात, सासूसासरे येतात, टोरांटोहून नवऱ्याचा कॉलेजचा मित्र सहकुटुंब येतो आणि प्रत्येकाला ते तळं बघायचं असतं. तेच ते, फोटोत खोटं वाटतं इतकं निळंहिरवं. जॉफ्री लेक्स. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगतं आणि उन्हात असा रंग दिसतो, वगैरे माहिती तुम्ही पाहुण्यांना विमानतळावरून येतानाच दिलेली असते. राहतो फक्त पास, म्हणजे त्या पार्कात शिरायला लागणारा एका दिवसाचा फुकट परवाना.

तर त्या पासबद्दल चार अनुभवाचे बोल. माझा स्वतःचा पास नुकताच हुकला म्हणून मी हे रागाने लिहितेय, असा कोणाचा समज झाला असेल तर तो काढून टाका. मी अतिशय शांत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. ज्या दिवशी जायचं त्याच्या दोन दिवस आधी, सकाळी सात वाजता पास खुले होतात. म्हणजे शनिवारचा पास गुरुवारी आणि रविवारचा शुक्रवारी. एवढी वजाबाकी आपल्यातल्या भल्याभल्या इंजिनियरांना जमत नाही. ते शुक्रवारी सकाळी सातला शनिवारचा पास शोधतात आणि मग 'सिस्टीमच बोगस आहे' असा निर्वाळा ग्रुपवर देतात. तुम्ही तसं करू नका. गुरुवारी पावणेसातला लॅपटॉप, टॅब, स्वतःचा फोन, जोडीदाराचा फोन आणि अजून अंथरुणात असलेल्या पोराचा फोन असा सगळा सरंजाम डायनिंग टेबलावर मांडा. तत्काळ तिकिटं काढून ज्यांची बोटं तयार झाली आहेत त्यांना वेगळं काही शिकवायला नको. त्याहून हुशार असाल तर पुण्याच्या चुलतभावाला कामाला लावा. इथे सकाळचे सात म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसात. तो जागा असतो, त्याचा चहा झालेला असतो आणि त्याला स्वतःला कुठेही जायचं नसल्यामुळे त्याचा हात थरथरत नाही.

चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायची तालीम आदल्या रात्री करून ठेवा.

कोणाला ही पद्धत जाचक वाटत असेल तर थोडी उजळणी. जुलै 2020 मध्ये, कोविडमुळे सगळं गाव डोंगरात पळत होतं तेव्हा, सहा पार्कांत हे पास सुरू झाले. त्या वेळी पास त्याच दिवशी पहाटे सहाला निघायचे. अंघोळ करून, डबे भरून, बूट चढवून फोनसमोर बसायचं; मिळाला तर गाडीत, नाही मिळाला तर तेच डबे घरी. आता उन्हाळ्यात मुख्यतः तीन ठिकाणी पास लागतो: जॉफ्री, गॅरिबाल्डी आणि मेपल रिजचं गोल्डन इअर्स. शेवटच्या दोन ठिकाणी तो गाडीचा असतो आणि जॉफ्रीला माणशी. बरं, पास नव्हते तेव्हा काय होतं हेही आठवून बघा. जॉफ्रीपाशी हायवे 99 च्या कडेने गाड्यांची रांग, त्या रांगेतून कडेवर पोर घेऊन चालणारी माणसं, शेजारून सुसाट जाणारे ट्रक. पास आणण्याचं कारण होतं. आपण होतो कारण.

गॅरिबाल्डीचा पास मिळाला तर नाचा. तिथल्या रबल क्रीकच्या पार्किंगपासून तळ्यापर्यंत जाऊन येऊन अठरा किलोमीटर चाल आहे, हे नाचून झाल्यावर वाचा.

पास फोनवर उतरवून घेऊ नका, कागदावर छापूही नका. तिथे पोचल्यावर मेल उघडू म्हणा. जॉफ्रीच्या वाटेवरच्या पेम्बर्टन गावाच्या पुढे नेटवर्क नसतं, पण तुमच्यासाठी खास येईल.

पासच नसेल तर? तरीही जा. अडीच तास गाडी हाकून गेल्यावर गेटवरच्या त्या विशीतल्या मुलीशी बोलून बघा. 'आम्ही लांबून आलो' म्हणा. ती म्हणेल, सगळेच लांबून येतात. मग 'म्हातारी माणसं आहेत गाडीत' म्हणा. मग 'फक्त दहा मिनिटं' म्हणा. मागे आठ गाड्या थांबलेल्या असताना हे सगळं सावकाश, हात हलवत, मागच्या सीटवरच्या काकांनाही बोलायची संधी देत करायचं असतं. शेवटी गाडी हायवेच्या कडेला लावून चालत आत शिरायची युक्ती आहेच. येताना गाडी टो झालेली सापडली तर पेम्बर्टन गाव छान आहे, मुक्काम करा.

आत गेलेल्या भाग्यवंतांसाठी एकच सूचना: मधल्या तळ्यात एक ओंडका आडवा पडलेला आहे, त्यावर उभं राहून दोन्ही हात पसरून फोटो काढायचा असतो. त्यासाठी रांग लागते. पहाटे पाचला निघून, पावणेदोनशे किलोमीटरच्या वर गाडी चालवून, चढ चढून आपण पुन्हा रांगेत उभे राहतो. ते तळं मागे असतं, बघू नंतर.

काही लोक विचारतात, मधूनमधून काही आठवडे हे पार्क आपल्याला बंद का असतं. कारण ती लिलवात आणि नक्वाटक्वा या इथल्या मूळनिवासी लोकांची परंपरागत भूमी आहे, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितलं की आता काही काळ आम्हाला आमच्या जागेत राहू द्या. तेव्हापासून दरवर्षी काही आठवडे ठरवून ते तिथे असतात. यावर आपल्या ग्रुपवर जी चर्चा झाली ती मी वाचली आहे. 'हा अन्याय आहे' असं लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी गावाकडच्या वडिलोपार्जित दीड एकराच्या बांधावरून भावाशी बारा वर्षं कोर्टकचेरी केली आहे. असो.

आता मुख्य सल्ला. बाकीचे विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

एक पास कधीही काढायचा नाही. एक पास म्हणजे बेत ठरला, आणि बेत ठरणं आपल्याला परवडत नाही. गुरुवारी सकाळी स्वतःच्या नावाने शनिवारचा जॉफ्री काढा. त्याच वेळी बायकोच्या नावाने शनिवारचा गोल्डन इअर्स काढा, लांब जायचा कंटाळा आला तर असू दे. शुक्रवारी सकाळी रविवारचा जॉफ्री काढा, शनिवारी पाऊस आला तर असू दे. मेव्हण्याच्या नावाने गॅरिबाल्डी काढा, त्याला विचारू नका, असू दे. मग शुक्रवारी रात्री जेवताना हवामानाचं अ‍ॅप उघडा. त्यात ढगाचं छोटंसं चित्र दिसलं की 'बघू सकाळी' म्हणा. सकाळी बघू नका. दहाला उठा, पोहे खा, कॉस्टकोला जा. आणि त्या सगळ्या पासांच्या मेलमध्ये खाली रद्द करायची जी लिंक असते तिला हात लावू नका. रद्द केला की तो पास परत यादीत जातो आणि दुसऱ्या कोणालातरी मिळतो. दुसऱ्याला मिळून तुम्हाला काय फायदा?

विनोद नाही हा. असा माणूस मला भेटला आहे.

त्या आठवड्यात माझे आईबाबा साताऱ्याहून आले होते. बाबा सत्तरी उलटलेले, पण रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. आईचा गुडघा गेलेला. आईला वरच्या तळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. जॉफ्रीचं पहिलं तळं पार्किंगपासून पाच मिनिटांवर आहे, सपाट वाट. तिला तेवढंच पाहायचं होतं. तिथे बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि घरी यायचं. त्या पाच मिनिटांच्या वाटेलाही पास लागतो आणि तो मला मिळाला नाही. सातला मिनिटभर काहीतरी फिरत राहिलं आणि मग सगळं संपलेलं दिसलं. नंतर दोन दिवस मी अधूनमधून पान उघडत राहिले, कोणी सोडला तर मिळेल म्हणून. बाबा माझी समजूत काढत होते. म्हणाले, "अगं, गर्दीला आवर घालायला हवाच. आपल्या कासवर तेच केलंय." खरं आहे. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, कास त्यातलंच. आणि आता फुलांच्या दिवसांत तिथे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क. पैसे भरलेला माणूस भर पावसात, चिखलात, छत्री उलटी झाली तरी जातो. पैसे भरलेत ना.

शनिवारी पेम्बर्टनच्या बाजूला लख्ख ऊन होतं. मी वेबकॅम बघत होते, म्हणून सांगते.

रविवारी संध्याकाळी एका घरी पॉटलक होतं. आईबाबांना घेऊन गेलो. तिथे जॉफ्रीचा विषय निघाला, निघणारच. एक सद्गृहस्थ, चांगले शिकलेले, मंडळात पुढे पुढे असणारे, प्लेटमध्ये पावभाजी वाढून घेत म्हणाले, "अहो, आम्ही तर दोन्ही दिवसांचे काढून ठेवले होते. शनिवारी जरा ढगाळ वाटलं, आज पोराचं सॉकर निघालं. गेलोच नाही." मी विचारलं, "रद्द केले का?" ते हसले. "फुकटच तर होते!"

शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, तिने त्यांना पाव दिला.

त्यांच्याकडे घरात माणसं चार. म्हणजे शनिवारी चार आणि रविवारी चार जागा त्या पार्कात रिकाम्या राहिल्या. वाटेवर माणसं कमी झाली म्हणून झाडांना बरं वाटलं असेल, एवढंच. हे एका घरचं. ग्रुपवर अशी घरं किती आहेत हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, कारण शुक्रवारी रात्री साडेदहाला मेसेज येतात: 'उद्याचे जॉफ्री पास आहेत, कोणाला हवे तर सांगा.' पासवर नाव असतं हो! ते काय हळदीकुंकवाचं वाण आहे, इकडून तिकडे द्यायला? ग्रुपवर दानशूर म्हणून मिरवण्यापेक्षा गुरुवारी दुपारी रद्द केला असतात तर ज्याला हवा त्याला त्याच्या नावावर मिळाला असता.

माझं तर म्हणणं आहे, पासाला पाच डॉलर अनामत लावा. गेटवर आलात की परत, नाही आलात की गेले. गरिबाला गेटवर परत मिळतातच, आणि आपल्यासारख्यांना शिस्त लागते. इथल्या पार्कांचं पार्किंग शुल्क 2011 मध्ये रद्द झालं, फार चांगलं झालं, डोंगर सगळ्यांचे असावेत. पण आपल्या मंडळाचा अनुभव काय आहे? कार्यक्रमाला प्रवेश मोफत ठेवला की दोनशे नावं येतात आणि साठ माणसं. स्वयंपाकाचा अंदाज चुकून शिरा घरोघरी वाटावा लागतो. तिकीट पाच डॉलर ठेवलं की तीच माणसं पावणेपाचला दारात उभी आणि 'अजून सुरू का नाही झालं' विचारणार.

बसने जायचाही एक मार्ग आहे. गाडीचा पास लागतो तिथे गाडीच नेली नाही तर पासही लागत नाही. पण बसने जाणं आपल्याला जमेल का, लोक काय म्हणतील.

बास. आता सल्ले देण्याचा आव पुरे झाला.

तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. तुम्ही गरीब नाही, अडाणी नाही, तुम्हाला फोन वापरता येतो, मेल वाचता येतो. आजारी पडलात, गाडी बिघडली, पोराला ताप आला, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण जायचं नक्की नसताना तीन तीन काढून ठेवायचे, चार लोकांत त्याची फुशारकी मारायची आणि वर 'फुकटच होते' म्हणायचं, हा निव्वळ माज आहे. ज्या आजीला पाच मिनिटं चालून एक तळं बघायचं होतं ती नोव्हेंबरमध्ये परत जाणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिचा गुडघा तिला विमानात बसू देईल की नाही हे तिलाही माहीत नाही. तुमच्या पोराचं सॉकर दर रविवारी असतं, ते शुक्रवारी सकाळीही तुम्हाला माहीत होतं.

या शनिवाररविवारचे पास काढून ठेवले असतील आणि जायचं नसेल, तर मेल उघडा. खाली लिंक आहे. दाबा. अर्धं मिनिट लागतं. आणि 'राहूनच गेलं हो' हे मला सांगू नका. काढताना सकाळी सातला बरोब्बर आठवलं होतं.