शंभराची जादा नोट

रोज रात्री दिवसभराच्या वागण्याचा हिशोब वहीत मांडायचा, असा निश्चय मी गेल्या महिन्यात केला आणि त्यासाठी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून ४० रुपयांची कोरी वही घासाघीस करून ३५ रुपयांना आणली. कल्पना माझी नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका दिवा मालवल्यावर, त्याची ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की, आपले दिवसभराचे बोलणे-वागणे तपासत असे आणि स्वतःपासून काहीही लपवत नसे. नीरोच्या दरबारात वावरलेल्या माणसाला हे जमले. मला तर फक्त राजारामपुरीत राहायचे होते.

तिसऱ्याच दिवशी घात झाला. कपिलतीर्थ मंडईत मी ६० रुपयांची भाजी घेऊन २०० रुपयांची नोट दिली होती. घरी येऊन खिसा रिकामा करतो, तर मावशींनी १४० ऐवजी २४० रुपये परत दिलेले. हाच हिशोब उलट्या बाजूने चुकला असता, तर मी बिंदू चौकातूनच गाडी माघारी वळवली असती. आता मात्र मला मागच्या आठवड्यातली दोन किडकी वांगी आठवली, कोथिंबिरीचा चढा भाव आठवला, पेट्रोलचा खर्चही आठवला, आणि या सगळ्यांची बेरीज आश्चर्यकारकरीत्या बरोबर १०० रुपये भरली. रात्री वहीत लिहिले, ‘आज विशेष काही नाही.’

ही गोष्ट मी पत्नीला सांगितली, ही दुसरी चूक. “मग देऊन या की,” एवढेच ती म्हणाली. सदसद्विवेकबुद्धीला निदान उलट उत्तर देता येते.

दोन दिवसांनी मंडईत गेलो, तर मावशींची जागा रिकामी. शेजारचा लिंबूवाला म्हणाला, “आज त्या यायच्या न्हाईत. माझ्याकडं द्या, देतो की.” तीन दिवस दुसऱ्याचे पैसे खिशात घालून हिंडणाऱ्या मी त्याच्याकडे असे पाहिले, की जणू चोर तोच आहे, आणि नोट सुरक्षित घरी आणली. त्या रात्री मात्र वहीत वळणदार अक्षरात लिहिले, ‘प्रयत्न केला.’

अखेर मावशी भेटल्या. मी नोट पुढे केली, घडलेला प्रकार सविस्तर सांगितला आणि आजूबाजूच्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत आवाज ठेवला. मावशींनी नोट तागडीखाली सरकवली आणि विचारले, “बरं. मेथी देऊ काय?” कौतुकाचा एक शब्द नाही! निदान ‘अशी माणसं ऱ्हायली न्हाईत’ एवढे तरी म्हणायला काय हरकत होती? त्या धक्क्यातच मी मेथीच्या चार जुड्या घेतल्या.

बेंजामिन फ्रँकलिनने आत्मसुधारणेसाठी आधी १२ सद्गुणांचीच यादी केली होती. तो गर्विष्ठ आहे, असे एका मित्राने सांगितल्यावर त्याने नम्रता हा १३ वा सद्गुण जोडला. मला असा मित्र नाही. त्यामुळे रात्री ‘प्रामाणिकपणा’ असे लिहून, मंडईतला माझा तो चढा आवाज आठवल्यावर शब्द खोडावा की ठेवावा, या विचारात मी बराच वेळ बसलो होतो. दिवा मालवायचा होता. सेनेकाची पत्नी अशा वेळी गप्प होत असे.

“चार जुड्या आणल्यात,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “निवडायच्या तुम्हीच. तेवढं पण लिहा वहीत.”