देवळाच्या ओसरीवरची रात्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि मनापासून लिहिलंत. घाईत दोन ओळी खरडायच्या नव्हत्या, म्हणून आठवडा गेला.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. हे अमेरिकन मिशनरी कंपनी सरकारच्या आशीर्वादाने आले, बंगल्यांत आरामात राहिले, मराठी शिकले ती धर्मांतराचं हत्यार म्हणून. आणि त्या तरुण माणसांचं रोजचं जगणं सांगून मी त्यांच्या हेतूवर पांघरूण घातलं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही स्वतः ख्रिस्ती, म्हणून हा उमाळा.’

हो, मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. उमाळा आहेच, तो मी लपवत नाही. पण त्यापायी खोटं लिहिलं असेन तर ते दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि एका ठिकाणी तुम्ही ते दाखवलंतही. त्याकडे शेवटी येते.

आधी कंपनीचं. हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ला मुंबईत उतरले. हॉल २८ वर्षांचा, नॉट २४ वर्षांचा. कलकत्त्यातून त्यांना आधीच निघायला सांगितलं होतं. मिशनरी आले की लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही कंपनीची धास्ती. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालेलं, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. मुंबईतूनही परत पाठवण्याचा हुकूम निघाला. दोघे गलबतात बसून कोचीनपर्यंत निसटले, तिथून त्यांना परत आणलं. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, तेव्हा कुठे त्यांचं राहणं नक्की झालं. पुढच्या काळात सरकार आणि मिशन यांचं सूत जमलं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण १८१३च्या त्या दोघांच्या मागे कुठलंही सरकार उभं नव्हतं.

आता आराम. त्यांच्याच गटातली हॅरिएट न्यूएल फेब्रुवारी १८१२मध्ये अमेरिकेतल्या सेलम बंदरातून निघाली तेव्हा १८ वर्षांची होती. कलकत्त्याला पोचायला जून उजाडला. तिथून हाकलल्यावर ती आणि नवरा मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावरच ती बाळंत झाली, मुलगी पाच दिवसांत गेली, आणि ३० नोव्हेंबरला पोर्ट लुईमध्ये क्षयाने तीही गेली. वय १९. तिचा नवरा पुढे मुंबईत हॉलला येऊन मिळाला आणि १८२१मध्ये पटकीने वारला. नॉट प्रकृती ढासळल्याने १८१५मध्येच परत गेला होता. महाबळेश्वरच्या बंगल्यांत उन्हाळा काढणारे मिशनरी पुढे झाले, नाही म्हणत नाही. या पहिल्या चौकडीला मात्र ते चित्र लावू नका.

हत्याराच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी पुण्यात अकरा वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. मागच्या वर्षी एक बावीस वर्षांचा मुलगा मंडईत केळी घ्यायला गेला. त्याच्या तोंडून ‘केली’च येत होतं. केळीवाल्या मावशींनी हातातला घड खाली ठेवला, ‘जीभ वर वळव रे बाळा’ म्हणत तोंड उघडून दाखवलं, आणि चारदा म्हणवून घेतल्यावरच डझन मोजून दिलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘ताई, मला पाच वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.’

हॉल अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचा पदवीधर, आपल्या देशात प्रवचन करणारा. मुंबईत तोही असाच पाच वर्षांचा झाला असणार. पंडितासमोर बसायचं, चुका काढून घ्यायच्या, मग बाजारात जाऊन तेच शब्द लोकांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्यांचं हसू सोसायचं. भाषा शिकण्यामागे धर्मप्रसार होता, शंभर टक्के होता. तरी वर्षानुवर्षं रोज कुणाचं तरी शिष्य व्हावं लागतं, आणि ते कुणाचं, तर आपल्याच माणसांचं. ते दिवस मी सांगितले ते यासाठी. नुसता हेतू सांगितला तर गोष्टीत एकटा हॉल उरतो. दिवस सांगितले की पंडित येतो, पंतोजी येतात, छापखान्यातला खिळे जुळवणारा येतो.

त्या छापखान्याचंच घ्या. अमेरिकन मिशनने तो काढला ख्रिस्ती पुस्तकं छापायला. गणपत कृष्णाजी त्याच छापखान्यात काम शिकले, मग स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१मध्ये छापलं ते पंचांग. मिशनच्या हेतूत पंचांग कुठेच नव्हतं. आपल्या लोकांनी समोर आलेल्यातलं हवं ते उचललं, नको ते ठेवलं. त्यांना निव्वळ भुलवले गेलेले भोळे लोक ठरवणं मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

हेतूबद्दल माझ्या लेखात एकच वाक्य होतं, हे तुम्ही अचूक पकडलंत. तेव्हा इथे स्पष्ट लिहिते: हे लोक धर्मांतरासाठीच आले. देवळांसमोर उभं राहून त्यांनी मूर्तिपूजा खोटी असल्याचं सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते लागलं असेल, आजही लागतं, आणि ते मला समजतं.

म्हणूनच मार्च १८२६ची ती रात्र मला सोडवत नाही. १८२५मध्ये हॉलची बायको आजारी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली होती. हॉल औषधं आणि पुस्तिका घेऊन नाशिककडे गेला. तिकडे पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधं वाटून तो मुंबईला परत निघाला आणि वाटेतल्या एका गावी मुक्कामाला थांबला तो देवळाच्या ओसरीवर. पहाटे त्यालाच पटकी झाली. २० मार्चला, काही तासांत, तो गेला. सोबत दोन तरुण होते. शवपेटीशिवायच त्याला तिथे पुरलं. ज्या देवांविरुद्ध तो तेरा वर्षं बोलला, त्यांच्याच ओसरीवर त्याला पाठ टेकायला जागा मिळाली होती. त्या गावाने परक्याला दिलेली ही जागा मला हॉलच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा मोठी वाटते. ख्रिस्ती म्हणूनच वाटते.

आता माझी चूक. ‘मिशनऱ्यांनी मराठी मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, त्याआधी पंतोजींच्या शाळा नव्हत्या का? होत्या. इतकंच नाही, मिशनच्या शाळांतही शिकवायला बरेचदा इथलेच, ख्रिस्ती नसलेले शिक्षक पगारावर ठेवलेले असत. धूळपाटीवर अक्षर गिरवून घेणारा हात त्यांचा होता. ते वाक्य मी आज बदललं आहे. आता ते असं आहे: ‘मिशनने शाळा काढल्या आणि छापील पुस्तकं दिली, शिकवलं बहुतेक ठिकाणी आपल्या पंतोजींनी.’ मुलींच्या शाळेबद्दलचं वाक्य मात्र तसंच ठेवलंय. १८२४मध्ये मुंबईत मिशनने ती सुरू केली, तेव्हा पंतोजींच्या ओसरीवर मुली बसत नव्हत्या. त्यावर तुमचं काही म्हणणं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.