वार्डी घाबरला म्हणे! 'कांतेकडून शिका' या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असणारच. वर एन्गोलो कांते वर्ल्ड कप हातात घेऊन हसतोय, खाली जेमी वार्डी मान खाली घालून बसलाय आणि मजकूर असा की दोघं लेस्टर या इंग्लिश फुटबॉल क्लबचे, दोघं २०१६चे प्रीमियर लीग चॅम्पियन, दोघांना त्याच उन्हाळ्यात मोठ्या क्लबने बोलावलं, कांते चेल्सीला गेला आणि जग जिंकला, वार्डी आर्सेनलला जायला घाबरला, लेस्टरमध्येच सडला आणि क्लबबरोबर खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. मग त्यातून काढलेले पाच धडे: छोट्या ठिकाणी राहतो तो भित्रा, मोठा क्लब खेळाडूला मोठा करतो, मेडल फक्त मोठ्यांकडेच, पैसा एकदाच मिळतो, आणि निष्ठा वगैरे सगळं झूट. शेवटी डबक्यातला मासा आणि समुद्र, तो तर असतोच.

असल्या मेसेजला मी उत्तर देत बसत नाही. पण परवा दाजींनी हा मेसेज माझ्या भाच्याला समोर बसवून वाचून दाखवला. पोरगं सतरा वर्षांचं, कोल्हापुरात एका तालमीच्या टीमकडून मिडफिल्डला खेळतं, आणि त्याला बाहेरच्या एका मोठ्या क्लबच्या अकॅडमीने बोलावलंय. त्याने जावं की न जावं यावर माझं काहीच म्हणणं नाही, कदाचित जावंच. पण या मेसेजच्या जोरावर ठरवणार असतील तर मग बोलायला लागतं.

आधी 'वार्डी घाबरला' हेच घेऊ, कारण सगळ्यात बिनडोक मुद्दा हाच आहे. ज्या माणसाला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी 'लहानखुरा आहेस' म्हणून काढून टाकलं, जो स्टॉक्सब्रिज नावाच्या गावच्या टीमकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा आणि दिवसा मेडिकल स्प्लिंट बनवायच्या कारखान्यात राबायचा, तो म्हणे मोठ्या क्लबला घाबरला. अहो, तो २०१० मध्ये स्टॉक्सब्रिजवरून हॅलिफॅक्सला गेला, २०११ मध्ये हॅलिफॅक्सवरून फ्लीटवूडला, २०१२ मध्ये फ्लीटवूडवरून लेस्टरला, दर वर्षी एक पायरी वर, आणि प्रत्येक वेळी लहान क्लब सोडूनच. म्हणजे मेसेजवाला ज्याला 'डबक्यातून बाहेर पडणं' म्हणतोय ते वार्डीने ओळीने तीनदा केलं होतं. चौथ्यांदा नाही म्हणाला तर लगेच भित्रा?

आणि चौथ्यांदा नाही का म्हणाला ते जरा २०१६ चं प्रीमियर लीगचं टेबल उघडून बघा. लेस्टर ८१ पॉइंट, पहिला. आर्सेनल ७१ पॉइंट, दुसरा. युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग दोघांनाही. वार्डी २९ वर्षांचा, त्या सीझनला २४ लीग गोल मारलेला, आणि त्याचा सगळा खेळ मागून आलेल्या लांब बॉलवर डिफेन्सच्या पाठीमागे पळण्याचा. कोच आर्सेन वेंगरच्या आर्सेनलसमोर निम्म्या टीम आपल्याच बॉक्सपुढे भिंत बांधून उभ्या राहायच्या, तिथे पाठीमागे पळायला जागाच कुठे? साधारण २० मिलियन पौंडांचा रिलीज क्लॉज होता (तेवढे पैसे भरले की लेस्टर अडवू शकत नव्हतं), आर्सेनल भरायला तयार होतं, त्याने विचार केला आणि राहिला. याला हिशोब म्हणतात.

पुढे काय झालं? चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल खेळला, अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध त्यात गोलही केला. २०१९-२० ला २३ गोल मारून ३३व्या वर्षी प्रीमियर लीगचा गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस) घेतला, एवढ्या वयात तो आधी कुणी घेतला नव्हता. २०२१ ला एफए कप, इंग्लंडची मोठी नॉकआउट स्पर्धा. त्या फायनलमध्ये वेम्बलीवर लेस्टरने कुणाला हरवलं माहितीये? चेल्सीला, १-०, टीलेमान्सचा तो लांबून मारलेला गोल. आणि चेल्सीच्या मिडफिल्डला कोण होता? कांते! मेसेजमधले दोघंही त्या मैदानावर समोरासमोर होते आणि कप 'सडलेल्या' माणसाने उचलला. मेसेज लिहिणाऱ्याने मॅच बघितली नसेल हे समजू शकतो, पण फोन हातात असताना शोधताही येऊ नये?

बरं, लेस्टर खाली गेलं हे खरं आहे, २०२३ ला गेलं, २०२४ ला वर आलं, २०२५ ला परत गेलं. पण तोपर्यंत वार्डी ३८ चा झाला होता, आणि मे २०२५ मध्ये लेस्टरसाठीच्या ५००व्या मॅचमध्ये २००वा गोल करून बाहेर पडला. ते दोनदा खाली जाणं एका स्ट्रायकरच्या नावावर मांडायचं आणि आर्सेनलला त्याच नऊ वर्षांत एकदाही लीग मिळाली नाही हे गाळायचं, ही कुठली पद्धत?

आता कांते. मेसेजप्रमाणे कांते लहान होता आणि चेल्सीने त्याला मोठा केला. साफ चूक. फ्रान्सने त्याला नॅशनल टीममध्ये पहिल्यांदा खेळवलं मार्च २०१६ मध्ये, तेव्हा तो लेस्टरचाच होता. त्याआधी बुलोन्यकडून फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, मग कान्कडून दुसऱ्या, मग पहिल्या, प्रत्येक ठिकाणी रोज खेळत वर आलेला माणूस आहे तो. आणि त्याला घेतलेला 'समुद्र' तरी कसला, चेल्सी त्या वर्षी दहाव्या नंबरवर आलं होतं, युरोपात कुठेच नव्हतं. चेल्सीचा नवा कोच अँटोनियो कोन्टेला मिडफिल्डला पळणारा माणूस हवाच होता, जागा रिकामी होती, म्हणून कांते पहिल्या मॅचपासून खेळला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लीग जिंकला. तो योग्य निर्णय होता, त्यात वादच नाही. पण त्यातून 'मोठा क्लब दिसला की जा' एवढंच काढायचं असेल तर मग त्याच टीममधल्या तिसऱ्या माणसाचं काय करायचं? तो मेसेजमध्ये नाहीच.

डॅनी ड्रिंकवॉटर. लेस्टरच्या त्या चॅम्पियन टीममध्ये कांतेच्या बाजूला खेळायचा, वार्डीला तो लांब बॉल टाकणारा हाच. त्याच वर्षी इंग्लंडकडून खेळला. २०१७ ला चेल्सीने बोलावलं, ३५ मिलियन पौंड, पाच वर्षांचा करार, आणि हा गेला, अगदी मेसेजमध्ये सांगितल्यासारखा. त्या जागेवर आधीच कांते, फाब्रेगास आणि त्याच उन्हाळ्यात घेतलेला बाकायोको. प्रीमियर लीगच्या १२ मॅच. पाच वर्षांत बारा! मग बर्नलीला लोनवर (म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना), अॅस्टन व्हिलाला लोनवर, तुर्कस्तानात लोनवर, रेडिंगला लोनवर, आणि २०२३ ला तेहतिसाव्या वर्षी रिटायर. तोच क्लब, तोच मूळ संघ, कांतेनंतर एकाच वर्षाने. त्याचा फोटो लावून कुणी 'ड्रिंकवॉटरकडून शिका' पाठवत नाही.

मला राग येतो तो इथे. हा मेसेज मोठी माणसं हसून सोडून देतात, पण सतराव्या वर्षी पोराला खेळायला लागतं, आठवड्याला मॅच लागते, चुका करायला मैदान लागतं. बेंचवर बसून मिडफिल्डर तयार होत नाही. मोठे क्लब पोरं घेऊन साठवून ठेवतात आणि लोनवर फिरवतात ही काही माझ्या मनातली शंका नाहीये, एकट्या चेल्सीचे एकेका सीझनला तीसेक खेळाडू बाहेर लोनवर असायचे आणि शेवटी फिफाला २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणावी लागली, आधी आठ आणि २०२४ पासून सहा. त्यातही २१ पर्यंतची आणि क्लबने स्वतः घडवलेली पोरं या मोजणीत धरतच नाहीत, म्हणजे भाच्याच्या वयाच्या मुलांना त्या नियमाचा आधार जवळपास शून्य. म्हणून दाजींना म्हटलं, अकॅडमीला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा, याच्या जागेवर सध्या कोण खेळतं, आणि गेल्या वर्षी घेतलेली पोरं मॅच किती खेळली. ट्रॅकसूट कुठल्या ब्रँडचा देणार ते नंतर बघू.

मेडलचा मुद्दा अर्धा मान्य, नाइलाजाने. लेस्टरचाच रियाद महरेज २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीला गेला आणि चार लीग आणि एक चॅम्पियन्स लीग घेऊन बाहेर पडला, लेस्टरमध्ये राहून एवढं झालं नसतं. पण तो गेला तेव्हा २७ चा होता, पूर्ण तयार. आणि मेडलच मोजायची तर लीड्सहून सिटीला गेलेल्या कॅल्विन फिलिप्सकडेही २०२३ ची ट्रेबल (लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच सीझनला) आहे, त्या सीझनला लीगमध्ये फक्त दोन मॅच सुरुवातीपासून खेळला. नंतर लोनवर, आणि २०२४ च्या युरो कपला इंग्लंडच्या टीममध्ये नाव नाही.

पैशाबद्दल माझं भांडण नाही. करिअर छोटं असतं, गुडघा गेला की संपलं, घर चालवायचं असेल तर जावं, खुशाल जावं. फक्त मग पैशासाठी चाललोय असं सरळ म्हणावं, त्याला धाडसाचं नाव देऊन न जाणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

राहिली निष्ठा. क्लब कुणाचे नसतात हे मेसेजवाल्याचं एकमेव बरोबर वाक्य. लेस्टरने लीग जिंकून देणाऱ्या कोच रानिएरीला नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये घरी पाठवलं, मग खेळाडूनेच का बांधून घ्यायचं. मान्य. पण हा नियम मोठ्या क्लबला लागू होत नाही असं कुणी सांगितलं? ड्रिंकवॉटरला चेल्सीत घेतलं तेव्हा कोच कोन्टे होता. जुलै २०१८ मध्ये चेल्सीने कोन्टेलाच काढलं, मौरिझियो सारी हा नवा कोच आला, आणि त्याच्या प्लॅनमध्ये ड्रिंकवॉटर नव्हता. करार तेव्हा चार वर्षांचा बाकी होता.