गाठीतला हिशेब आणि दालमिलीतला हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू झाडाला नत्र देतात, झाड त्यांना साखर देतं, आणि धंद्यातली भागीदारी त्यावरून शिकावी, असं मी ‘सहजीवन आणि धंद्यातली भागीदारी’ या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “सोयाबीनच्या गाठी दाखवून भागीदारी शिकवून राह्यले तुम्ही. जीवाणूले ना डोकं ना लोभ. आमच्या गावात दोघांनी दालमिल टाकली, दुसऱ्या हंगामात बोलणं बंद. हिशेब लिवाले बसलं का इश्वास जाते. अन् ज्याच्या हातात जमीन, त्याचंच चालते. याच्यात सहजीवन कुठी आलं?”

शेवटच्या मुद्द्यावर आपण बरेचसे एकमत आहोत. पहिल्या दोनांवर नाही.

जीवाणूला डोकं नाही हे खरं, पण फुकट खाण्यात फायदा त्यालाही आहे. नत्र स्थिर करणं, म्हणजे हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणं, हे महागाचं काम. एका ग्रॅम नत्रामागे झाडाचा साधारण सहा ग्रॅम कार्बन जातो. जो जीवाणू हे काम टाळून नुसती साखर खाईल, त्याची संख्या जास्त वाढायला हवी. मग कामचुकारच सगळीकडे का माजले नाहीत? जीवशास्त्रज्ञ टोबी कीअर्स आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचं उत्तर सोयाबीनवरच दिलं. त्यांनी गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन (नत्र) काढून आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. जीवाणू कामाला तयार, पण कच्चा मालच नाही. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला आणि तिथले जीवाणू चालू गाठींच्या मानाने जेमतेम निम्मे वाढले. पूर्ण झाडावर, अर्ध्या मुळांवर, एकेका गाठीवर, तिन्ही प्रकारे हेच दिसलं. म्हणजे झाड भलेपणावर विसंबत नाही. ते गाठीगाठीने हिशेब ठेवतं, आणि जी गाठ देत नाही तेवढीच आवळतं. बाकीचं मूळ चालू राहतं.

शेतात बघायचं तर पेरणीनंतर 35-40 दिवसांनी झाड उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. ढेकळासकट खोदा, पाण्यात धुवा, गाठ नखाने चिरा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. युरिया सढळ हाताने टाकलेल्या वावरात गाठी मुळातच कमी सापडतील. नत्र आयतं मिळालं की झाड भागीदार पोसत नाही. भागीदार निवडतानाही बंधन आहे: हरभऱ्याच्या रायझोबियमचं (गाठी करणाऱ्या याच जीवाणूंचं) पाकीट सोयाबीनला चालत नाही. योग्य पाकीट असलं तरी (10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम) आधी बुरशीनाशक, शेवटी जीवाणू, सावलीत वाळवून लगेच पेरणी. क्रम उलटला की पेरणीआधीच भागीदार मेला.

आता तुमच्या गावची दालमिल. ते दोघं कशावरून भांडले हे तुम्ही लिहिलं नाही. पण अशा मिलीत भांडण डाळीवरून क्वचित होतं, चुरीवरून होतं. एक क्विंटल तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ होते. उरलेलं चुरी (भरडताना फुटलेले बारीक तुकडे), टरफल आणि घट. डाळीची पावती असते. चुरी ढोरांसाठी रोखीने, ओळखीत जाते. मिलीवर उभा राहणारा म्हणतो घट जास्त आली, दुसऱ्याला वाटतं चुरी विकली. दोघांकडेही आकडा नाही.

म्हणून प्रत्येक लॉटला एकाच काट्यावर चार वजनं घ्या: तूर आत जाताना, डाळ, चुरी, टरफल. तुरीच्या वजनातून बाकी तिन्ही वजा केली की उरते ती घट. पहिल्या आठ-दहा लॉटांवरून आपल्या मिलीची नेहमीची घट ठरवा, पुस्तकातली घेऊ नका. नंतर एखाद्या लॉटमध्ये चुरी वाढली तर आधी कारण बघा: तेल-पाणी लावल्यावर आभाळामुळे तूर नीट वाळली नाही का, बारीक-जाड दाणा वेगळा न करता टाकला का, रोलरचा एमरी थर (टरफल घासून काढणारा खरखरीत लेप) झिजला का. सोयाबीनने कारण विचारलं नाही, गाठ सरळ आवळली. इथे माणसाने झाडापेक्षा शहाणं व्हावं.

आणि “हिशेब लिवाले बसलं का इश्वास जाते” हे उलटं आहे, भाऊ. आपल्याकडे वही संशय आल्यावर उघडतात, म्हणून वहीवर आळ येतो. पहिल्या लॉटपासून वजन घेतलं तर ते कोणावर आरोप ठरत नाही.

कागदाचंही तसंच. भारतीय भागीदारी कायदा, 1932 चं कलम 13 असं: करारात वेगळं लिहिलं नसेल तर नफा-तोटा समान, आणि धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला वेगळा मेहनताना नाही. म्हणजे एकाने पैसा घातला आणि दुसरा रोज मिलीवर उभा राहिला, तरी कागद गप्प असेल तर त्याच्या उभं राहण्याची किंमत शून्य. ही रक्कम महिन्याची आधीच लिहा. हप्ता चुकला, तूर आणली नाही, तर त्या महिन्याची उचल तेवढी कमी, एवढंच कलम घाला. छोटा, लगेचचा दंड नसेल तर माणसं गप्प बसतात आणि मग एकदम फुटतात.

सामाईक कर्ज मात्र पहिल्या हंगामात नको. कलम 25 प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही पूर्ण जबाबदार असतो. कर्ज डोक्यावर आलं की एक गाठ आवळायची सोय राहत नाही. एक हंगाम मजुरीवर तूर भरडून बघा, मग मशीन घ्या.

आता जमिनीचं. बटईत, म्हणजे दुसऱ्याचं वावर पिकाच्या वाट्यावर कसण्यात, तुमचं म्हणणं मला मान्य आहे: सोयाबीनच्या मुळावर गाठी अनेक असतात, बटईदाराला मात्र वावर बहुधा एकच. ज्याला दुसरीकडे जायची वाट नाही, त्याला हिशेबाची वही वाचवत नाही. त्यात कूळ लागेल या धास्तीने मालक कागद करत नाही, आणि अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या खात्यात जमा होते. बी-खत बटईदाराचं, नुकसान त्याचं, पैसा मालकाला. ही वाटणी पेरणीआधी, चार माणसांसमोर, खर्चाच्या हिश्श्यानेच बोलून घ्यावी. पीक बुडाल्यावर ती कोणी करत नाही.

दोघांचं जमलं म्हणजे ते चांगलंच, असंही मी म्हणत नाही. कपाशीवर मुंगळे पिठ्या ढेकणाचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्या ढेकणांना खाणारे ढालकिडे हाकलतात. दोघं खूश, कपाशी जाते. दालमिलीचे दोन भागीदार काट्यात शेतकऱ्याला मारून एकमेकांशी प्रामाणिक राहिले, तर तेही याच जातीचं सहजीवन.

तुमच्या गावच्या दोघांना अजून वेगळं व्हायचं नसेल तर तुरीचा हंगाम येईपर्यंत वेळ आहे. मिलीवर एकच काटा ठेवा, चुरीचं गिऱ्हाईक दोघांना ठाऊक असू द्या, आणि मशीनची आजची किंमत तिसऱ्या माणसाकडून लिहून घ्या. एकजण निघाला तर त्याला किती द्यायचं, हा आकडा भांडणाआधी ठरलेला बरा.